हमीदाच्या नावाचा कागद

इजिप्तमधल्या सोहागच्या विद्यापीठात डॉक्टर सुहैर अरबी लेखन शिकवत, आणि वहीवर लाल रेघ ओढताना त्यांना कुणाचीच दया येत नसे.

"सलाम आणि स्तुती करण्यातच अर्जाचं अर्धं पान गेलं! वाचणारा कारकून म्हातारा होईल. मागणं कुठाय?" वर्ग हसला. मग त्यांनी बजावलं, "आणि दुसऱ्याच्या नावाने लिहाल तेव्हा आधी त्याला विचारा. त्याच्या तोंडी आपले शब्द कोंबू नका."

वफिया वर्गात पहिली होती, आणि तेच आज तिच्या मुळावर आलं. घरी दोघे मामा येऊन बसले होते. आजोबांना जाऊन चाळीस दिवस झाले, आता जमिनीची वाटणी. धर्माने मुलीचा वाटा ठरवून दिलाय. पण तो बहिणीच्या हाती पडू देतील तर ते आमच्याकडचे भाऊ कसले! एक सोन्याची बांगडी द्यायची आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यायचा. पाच वेळा नमाज पढणारी माणसं हे करतात आणि वर ताठ मानेने फिरतात.

"घरात विद्यापीठातली भाची असताना वकील कशाला?" थोरले अब्दुल-जाबिर मामा म्हणाले. "लिही बाळ. मी, हमीदा, स्वखुशीने..."

आई चहाचे पेले घेऊन दारात उभी होती. लोकांचे कपडे शिवून त्या विधवेने पोरीला शिकवलं होतं. डोळे अधू झाले होते. तो वाटा मिळाला असता तर सुई-दोरा सुटला असता.

वफियाचं पेन थांबलं. "आई, स्वखुशीने लिहू?"

"तिला काय विचारतेस?" धाकटे मामा गुरगुरले.

"कागद तिच्या नावाचा आहे, मामा."

"चार बुकं शिकली नि आम्हाला अक्कल शिकवते!" अब्दुल-जाबिर बहिणीकडे वळले. "हमीदा, जमीन हवी की भाऊ हवेत? नाही म्हणालीस तर ईदला कुणी येणार नाही. मयतालाही खांदा देणार नाही आम्ही."

आई पांढरीफटक पडली. आता ती हो म्हणणार, वफियाला वाटलं. मावशीनेही असंच हो म्हणून अंगठा दिला होता.

आईने पेले खाली ठेवले. "नको लिहूस," ती कसंबसं म्हणाली. "मी खुश नाही."

मामा चहाला न शिवता उठले. बांगडी खिशात गेली, दार आपटलं. आई मटकन खाली बसली आणि हमसून रडू लागली. "भाऊ गेले गं माझे!"

वफियाने तिचे खांदे धरले. "आई, मामांना परत बोलावू का?"

"नको." आईने ओढणीने तोंड पुसलं. "दुसरा कागद घे. कोर्टाला लिही, माझा वाटा मला हवा."

"आणि कारण काय लिहू?"

"कारण कसलं?" आईचा आवाज चढला. "मीही त्याच बापाची लेक आहे. एवढंच लिही."

वफियाने तेवढंच लिहिलं.