उणे एक

जानेवारीतल्या त्या सकाळी डुलुथमध्ये पारा या हिवाळ्यात प्रथमच शून्य फॅरनहाइटखाली गेला. ऑफिसातून माझा सहकारी लेलंडचा फोन आला.

"मारेन, हीटर सांभाळणारी तुझी डबी बाहेर दोनशे पंचावन्न अंश दाखवतेय! उणे एक आहे इथे!"

"लॅपटॉपवर शंभरदा तपासलाय मी प्रोग्राम," मी भडकले.

"लॅपटॉप टांगतात का लोक भिंतीवर? डबीतल्या चिपवर कधी चालवून पाहिलास?"

"सप्टेंबरात."

बोलता बोलताच चूक माझ्या लक्षात आली. सप्टेंबरात उणे आकडा आलाच नव्हता. माझ्या लॅपटॉपला उणे कळत होतं, चिपला कळत नव्हतं; उणे एक आलं की ती दोनशे पंचावन्न वाचत होती. आणि बाहेर उकाडा दिसला की डबी घरातला हीटर बंद करते.

पहिली डबी मी गेल्याच आठवड्यात बाबांकडे लावली होती, उत्तरेला ईली गावात. तिथे कालपासून उणे वीस होतं. अशा थंडीत गारठून मरणाऱ्याला शेवटी उलट उकडायला लागतं, हे बाबांनीच मला लहानपणी सांगितलं होतं.

बाबांनी फोन बऱ्याच वेळाने उचलला.

"घर गार पडलंय गं. पण म्हटलं, मारेनने केलेली डबी आहे, तिला कळतं. हात लावला नाही."

"बाबा, आत्ताच्या आत्ता शेजारी जा!"

"कशाला? पहाटे कुडकुडत होतो. आता थंडी वाजेनाशी झालीय," ते जड जिभेने म्हणाले. "स्वेटरसुद्धा काढून टाकला."