वाळीतल्या लेकीचं व्याख्यान

उन्हाळी अभ्यासवर्गासाठी निवड झाल्याचं कळलं, तेव्हा थोरलीला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. धर्मसुधारणा आणि साहित्य हा तर तिचा हातखंडा विषय. पण वर्ग भरणार होता तिच्या माहेरच्या गावात, आणि त्या गावात तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं.

बोलणार तरी कसं? तिचे वडील पंथाचे मुख्य उपदेशक. आद्यगुरूंची निम्मी पदं त्यांच्या वाळीत टाकलेल्या बहिणीने रचली आहेत, असं थोरलीने एका लेखात पुराव्यानिशी मांडलं आणि पंथाने तिलाच वाळीत टाकलं. सगळ्यांसमोर तो ठराव वडिलांनीच वाचला होता. तेव्हापासून तिच्याशी बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही. पंथ काढला होता सुधारकांनी. पण आपल्यापुरती सुधारणा झाली की माणसं आतून कडी लावून घेतात.

आई मात्र आईच. वर्ग सुरू झाल्यापासून ती रोज वसतिगृहावर यायची आणि थोरलीच्या खोलीतल्या सोबतिणीशी बोलायची. लेकी बोले सुने लागे, तशातला प्रकार.

"काय गं, किती रोडावलीस!" असं त्या चांगल्या गुबगुबीत मुलीला म्हणायची आणि डबा थोरलीच्या पलंगावर ठेवायची.

"काकू, मला रोड म्हणणाऱ्या जगात तुम्ही एकट्याच," सोबतीण म्हणायची. थोरली पुस्तकाआड हसायची, आणि आई गेली की रडायची. वडिलांनी अंथरूण धरलंय हे तिला असंच कळलं होतं. मरण्याआधी त्यांनी आपल्याशी एक शब्द बोलावा, एवढंच आता तिला हवं होतं.

तिच्या व्याख्यानाच्या दिवशी आई रिकाम्या हाताने आली. बसलीसुद्धा नाही.

"डॉक्टरांनी आशा सोडली," ती सोबतिणीला म्हणाली. "आजचा दिवस निघत नाही. ज्याला यायचंय त्याने आत्ताच यावं. दार उघडं ठेवलंय." आणि पदराने तोंड पुसत निघून गेली.

"बघतेस काय? ऊठ!" सोबतीण ओरडली. "व्याख्यान गेलं खड्ड्यात."

"जाऊन काय करू? मला बघून भिंतीकडे तोंड करतील. मरताना तरी कशाला त्यांना कूस बदलायला लावू?"

"अगं, पण..."

"तासाभराचं तर काम आहे. उरकते आणि जाते."

खरं तर तिला भीती वाटत होती. सभागृहात निदान माणसं तिचं ऐकणार होती.

आणि बोललीही ती फार सुंदर. बहिणीच्या शेवटच्या दुखण्यात आद्यगुरू सगळ्या पंथासमोर तिच्या उशाशी कसे जाऊन बसले, तिला नावाने हाक मारून आपलाच नियम कसा मोडला, ते तिने सांगितलं. "मरणाऱ्याच्या उशाशी जो नियम आठवतो, तो धर्म नव्हे," असं म्हणून ती थांबली. टाळ्यांचा कडकडाट झाला. साध्या चहालाही बरा न म्हणणारे प्रमुख प्राध्यापक उभे राहिले. मग प्रश्न सुरू झाले, आणि तिने एकूण एक प्रश्नाला सविस्तर उत्तर दिलं. घड्याळाकडे मात्र पाहिलं नाही.

घराचं दार सताड उघडं होतं. आतल्या खोलीत पंथाची माणसं दाटीवाटीने उभी होती. तिला बघताच सगळ्यांनी माना फिरवल्या, पण वाट दिली. बाहेर जा म्हणायचं, तरी बोलावं लागलं असतं. पलंगावर वडिलांच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

"कधी?" तिने विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. "आई, कधी गं?"

आईने मान वर केली नाही. उशाशी एक रिकामी खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून आई त्या खुर्चीशीच बोलू लागली.

"तुला उगाच अडवून ठेवलं गं बाई. कुणी बसलंच नाही. दाराकडे तोंड करून पडले होते. एवढ्या सगळ्यांच्या देखत लेकीला नावाने हाक मारली त्यांनी. पुन्हा पुन्हा मारली, आवाज होता तोवर."

 थोरली त्या खुर्चीत बसली.

तशी आई बोलायची थांबली.