दक्षिणेचं दार

रावजींच्या घरात आग हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. चूल पेटायची, उसाच्या फडातल्या पाचटाला काडी लागायची, देवापुढचा दिवा ‘निजायचा’. पण आग म्हणायचं नाही. सिंधुबाईंच्या शिव्यांत तेवढी ती मोकळी फिरायची. शेजारची कोंबडी अंगणात शिरली की तिच्या सात पिढ्यांना आग लागायची, आणि त्याच तोंडानं सिंधुबाई सुनेला सांगायच्या की घरात अभद्र बोलू नये. अशा घरात त्यांच्या सुनेनं, वृषालीनं, एका सकाळी भिंतीवरच्या फळ्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं: आग लागली तर?

फळ्यापुढं विद्यार्थी दोनच. दहा वर्षांची छकुली आणि सहा वर्षांचा सुयोग. दोघं वृषालीचीच पोरं, आणि दोघंही शाळेत जात नव्हती. आई शिक्षिका आणि पोरं घरात, हे कोऱ्हाळे बुद्रुकच्या लोकांच्या पचनी पडत नव्हतं. दळणाच्या रांगेत, दूध घालायला गेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुणी ना कुणी विचारायचंच. उत्तर द्यायचं वृषालीनं कधीच सोडून दिलं होतं. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, नुसतं विचारायचं असतं, हे तिला कळून चुकलं होतं.

कारण होतं एक कुलूप. जळोचीच्या वाटेवर एक तीनमजली इंग्रजी शाळा आहे, तिथं वृषाली वरच्या मजल्यावर शिकवायची. त्या शाळेला मागच्या बाजूनं दुसरा जिना होता. पण त्याच्या तोंडाशी जाळीचं दार आणि दाराला कुलूप. का, तर पोरं त्या जिन्यानं उतरून दुकानात वेफर्स आणायला पळतात. उरला पुढचा जिना, आणि त्याच्या पायथ्याशी विजेचे मीटर, जुनी बाकं आणि कागदांची खोकी. उद्या खाली काही पेटलं तर वरची पोरं कुठून उतरतील, हे वृषालीनं विचारलं. एकदा नाही, दर बैठकीत विचारलं. शेवटी संस्थेचे अध्यक्ष कुंडलिकराव गोड हसून म्हणाले की मॅडम, तुम्ही शिकवा, कुलपाचं आम्ही बघतो. त्यांनी बघितलं ते असं, की कुलूप जागेवर राहिलं आणि मॅडम बाहेर आल्या. आल्या त्या आपली दोन्ही पोरं घेऊनच.

हे कुंडलिकराव रावजींचे लांबचे पाहुणे. सुनेनं पाहुण्यांत नाक कापलं, ही रावजींची सल होती. नातवंडं गल्लीत हुंदडताना दिसली की ती सल जास्तच टोचायची. होळी झाली आणि त्यांनी जाहीर करून टाकलं की पाडव्याला पाटीपूजन झालं की पोरांची नावं त्याच शाळेत घालायची, कुंडलिकरावांशी बोलणं झालंय. वृषालीचा नवरा अजित बापापुढंही मान हलवायचा आणि बायकोपुढंही, आणि सकाळी मोटारसायकलला किक मारून एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात निघून जायचा. वृषालीला मात्र एकच दिसत होतं: आपली पोरं पुन्हा त्या जाळीच्या आत. ते ती होऊ देणार नव्हती.

तोवर धडा चालू होता. घराचा नकाशा काढायचा आणि प्रत्येक खोलीतून बाहेर पडायच्या दोन वाटा दाखवायच्या. वाट दोनच का? एक धुरानं भरली तर दुसरी हवी. धुरात उभं राहायचं नाही, ओला कपडा नाकाला लावून जमिनीलगत सरकायचं. मोठ्यानं एका लहानाचा हात धरायचा. बाहेर पडल्यावर हौदापाशी जमायचं आणि कशासाठीही माघारी फिरायचं नाही, बाहुलीसाठी नाही आणि दागिन्यांसाठीही नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी म्हण आहे. आमच्याकडं सोमेश्वर हाकेच्या अंतरावर आहे, तरी बंब येईपर्यंत आपलं आपणच बघायचं असतं. सिंधुबाई शेंगा फोडत लांबून ऐकत होत्या आणि मनातल्या मनात देवाची माफी मागत होत्या.

छकुलीनं नकाशा काढला. पुढचं दार, पडवी, माजघर, मागची खोली, मागचं दार. मग पेन्सिल दातात धरून ती म्हणाली, “आई, हे दार काढू का नको? ते उघडत तर नाही.”

वृषालीनं मागच्या खोलीकडं बघितलं.

मागचं दार दक्षिणेला होतं. छकुलीच्या पाठीवरचं वृषालीचं एक बाळ पोटातच गेलं, त्याच उन्हाळ्यात बोअर आटलं आणि दावणीची गाय अचानक गेली. रावजी इंदापूरच्या एका ज्योतिषाकडं जाऊन आले. त्यानं सांगितलं, दक्षिण ही यमाची दिशा, ते दार त्याच्यासाठीच उघडं ठेवल्यासारखं आहे. रावजींनी त्याच संध्याकाळी दाराला कुलूप घातलं आणि किल्ली पुढच्या देवघरात ठेवून दिली. पुढच्या वर्षी सुयोग जन्मला. मग काय, त्या कुलपाला हात लावायची कुणाची छाती होती? खताची पोती, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, सगळं त्या दारापुढं रचलं गेलं. शाळेच्या कुलपासाठी नोकरीवर लाथ मारणारी वृषालीसुद्धा इतकी वर्षं त्या दाराकडं पाठ करून राहिली होती. गेलेलं बाळ तिचंच होतं. भीती तिच्याही पोटात होती, आणि आता पोरीच्या प्रश्नापुढं तिला त्या भीतीचा रागच आला.

“काढ,” ती म्हणाली. “दार आहे, तर काढायचं.”

त्या दुपारी तिनं पोती आणि भेंडोळी एकटीनं बाजूला ओढली आणि रावजी जेवायला आल्यावर सरळ किल्ली मागितली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. मामा, पुढच्या पडवीत पेट्रोल भरलेली गाडी उभी असते, दाराशेजारी गॅसची टाकी, उन्हाळ्यात चारी बाजूंनी लोक पाचट पेटवतात. एक ठिणगी आली तर आपण सगळे कुठून निघायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं. रावजींचा घास हातातच राहिला. त्यांनी तिला ज्योतिषाची आठवण करून दिली, सुयोगची करून दिली. ती जागची हलली नाही. तेव्हा ते ताट सारून उठले.

“दार उघडायचं न्हाय. आन उघडलंसच, तर पाडव्याला पोरं शाळंत. माझ्या घरात दोन्ही तुझंच चालायचं न्हाय.”

“दार उघडणार, मामा. आणि पोरंही घरातच शिकणार.”

सिंधुबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. त्या घरात रावजींना असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. रावजींना एकदम हसू आलं. चिडलेल्या माणसाला येतं तसं. हे घर त्यांनी स्वतः बांधलंय, वीट न् वीट त्यांच्या हाताखालून गेलीय, डोळे बांधले तरी ते बाहेर येऊन दाखवतील, दार लागतंय कुणाला?

वृषालीनं शब्द पकडला. “मग रविवारी दाखवा.”

रविवारी सगळं घर तालमीला उभं राहिलं. पडवीतल्या मोटारसायकलवर सिंधुबाईंचं लाल लुगडं पसरलं होतं, ती आग. लुगडं पुन्हा धुऊन मिळणार याची सिंधुबाईंनी आधी हमी घेतली होती. नियम असा, की लाल लुगड्याच्या जवळून कुणी जायचं नाही, म्हणजे पुढचं दार बाद. सगळ्यांचे डोळे बांधलेले, कारण धुरात काही दिसत नाही. सिंधुबाई आणि छकुली माजघराच्या खिडकीतून उतरणार होत्या. तिचे गज अजितनं आदल्या दिवशीच काढून ठेवले होते, आणि बापाला न विचारता त्यानं केलेलं आयुष्यातलं ते पहिलं काम असावं. मागच्या खोलीत रावजी आणि सुयोग, त्यांच्यासाठी माजघर धुरानं भरलेलं, म्हणजे तेही बाद. मोठ्यानं एका लहानाचा हात धरायचा.

वृषालीनं पळीनं ताट बडवलं. सिंधुबाई खिडकीतून उतरता उतरता गळ्यातली पुतळ्यांची माळ चाचपून परत फिरू लागल्या आणि छकुलीनं त्यांना पदर धरून ओढलं. दोघी हौदापाशी पोचल्या, त्यांच्यामागून खिडकीतूनच अजितही आला. वृषाली ताट बडवतच राहिली. मागच्या खोलीतून कुणी आलं नाही.

तिनं आतल्या दारातून डोकावून पाहिलं. रावजी उपरण्यानं डोळे बांधून माजघराकडं वळले होते. पायांना पुढच्या दाराचीच सवय. सुयोगनं त्यांचा हात मागं ओढला. आबा, तिकडं आग हाय, तो म्हणाला. रावजी थबकले, वळले, भिंत चाचपत मागच्या दारापाशी आले. त्यांचा हात कुलपावर पडला. त्यांनी ते ओढलं, हिसडलं. गंजलेलं कुलूप जरा खडखडलं आणि तसंच राहिलं. किल्ली देवघरात होती, लाल लुगड्याच्या पलीकडं.

सुयोग मात्र जसं शिकवलं होतं तसंच करत होता. तो जमिनीवर बसला, ओला रुमाल नाकाला लावला आणि दाराकडं तोंड करून वाट बघू लागला.

“खाली का बसलास रं?” रावजींनी त्याला चाचपत विचारलं.

“आई म्हणते, दार मोठी माणसं उघडतात. आपण खाली बसायचं आन घाबरायचं न्हाय.” मग थोड्या वेळानं त्यानं अगदी सहज विचारलं, “आबा, तुमी उघडताय न्हवं?”

रावजींनी डोळ्यांवरचं उपरणं काढलं. समोर कुलूप होतं, खाली नातू होता. ज्याच्यासाठी कुलूप घातलं तोच त्या कुलपापाशी बसून त्यांच्या भरवशावर वाट बघत होता, डोळे बांधलेले, रुमाल नाकाला. वृषालीनं ताट वाजवायचं थांबवलं नाही. सासऱ्यांचा चेहरा तिला दिसत होता, आणि तिला त्यांची दया आली. तरी ती थांबली नाही.

कोपऱ्यात पहार उभी होती. रावजींनी ती उचलली, सुयोगला मागं सरकवलं आणि कडीत घालून एकच दणका दिला. कडी खिळ्यांसकट निघाली. दार कुरकुरत आत आलं आणि इतक्या वर्षांचं ऊन खोलीत पसरलं. हौदापाशी सिंधुबाईंनी घाईघाईनं हात जोडले, डोळे मिटले, आणि काहीच झालं नाही तसे हळूहळू उघडले. दारात यम नव्हता. शेजारची कोंबडी होती.

त्या दाराला रावजींनी परत कुलूप लावलं नाही. पाडव्याच्या सकाळी मात्र गुढी उभी झाली, पाटीपूजन झालं आणि ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून तयार झाले. पोरांना तयार कर म्हणाले. दार उघडलंस तर पोरं शाळंत, हा शब्द त्यांनी दिला होता आणि रावजी शब्द मोडणाऱ्यांतले नव्हते. जायचं तर जाऊ, तिनं ठरवलं. पण सही आईची लागते, आणि ती सही मी करणार नाही. भाजीच्या टेंपोत ती पोरांना घेऊन पाठीमागं बसली, ओठ घट्ट मिटून.

पाडव्याच्या मुहूर्तावर प्रवेश घ्यायला शाळेत बरीच माणसं आली होती. कुंडलिकराव स्वतः पुढं आले, चहा मागवला, वृषालीकडं बघून गोड हसले. रावजींनी चहा घेतला नाही. मागचा जिना कुठं हाय, एवढंच त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सुयोगचा हात धरून वरच्या मजल्यावर चढले. जाळीचं दार तिथंच होतं. कुलूपही. रावजींनी किल्ली मागितली. शिपाई म्हणाला, किल्ली क्लार्कच्या खणात असते, आणि क्लार्क सणासाठी गावाला गेलाय.

रावजी त्या जाळीपुढं जमिनीवर बसले. उपरण्याचा पदर नाकाला लावला. सुयोगनं एकदा आबांकडं बघितलं आणि तोही शेजारी बसला, रुमाल काढून. छकुलीनं पिशवीतून ताट आणि पळी बाहेर काढली. ती कशाला आणली होती, हे वृषालीला आत्ता कळलं. आजोबा आणि नात, दोघांनी मिळून ठरवलेलं होतं. ज्या जाळीसाठी ती एकटी बोलून बोलून थकली होती, तिथंच ती पोरांच्या ओळीत मांडी घालून बसली.

ताटाचा आवाज तिन्ही मजले घुमला. प्रवेशाला आलेले आईबाप जिना चढून वर आले, जाळी बघितली, कुलूप बघितलं, आणि एकमेकांकडं बघू लागले. कुंडलिकराव घाम पुसत खाली वाकले.

“रावजीराव, उठा. लोक बघत्यात. उद्या किल्ली मागवतो, तुमी आधी नावं घाला.”

“किल्ली आणा, न्हायतर पहार आणा. हे कुलूप निघाल्याबिगर माझी नातवंडं हितं यायची न्हाईत. आन दुसऱ्याची पोरंबी मी आत बसू द्यायचा न्हाय.”

“अवो, मुहूर्त टळंल.”

“टळू द्या,” रावजी म्हणाले. “आमी दक्षिणेचं दार उघडून आलोय. आता मुहूर्ताचं काय भ्या घालता?”

मागं उभी असलेली एक बाई पुढं झाली. तिनं हातातला भरलेला प्रवेशाचा कागद घडी घालून पिशवीत टाकला, पोराचा हात धरला आणि खाली बसली. सुयोग जरा सरकला आणि त्यानं त्या पोराला आपल्या रुमालाचं अर्धं टोक दिलं.