टाळीवर लागणारे दिवे

राजारामपुरीतल्या गुरुसिद्धअप्पांच्या दारात सकाळी नऊलाच चपलांचा ढीग पडला होता. आत हॉलमध्ये सगळी गल्ली दाटीवाटीनं बसलेली आणि मधोमध भगव्या शालीत दीपानंद महाराज. महाराजांनी डोळे मिटले, "जाग गं तेजाई!" म्हणत टाळी वाजवली, आणि छताच्या कडेची दिव्यांची ओळ सावकाश उजळली, जशी डोंगराआडून पहाट यावी.

"अगं बया!" शेजारच्या धोंडुबाईंनी गालांवर हात मारून घेतले. "बटनाला हात बी लावला न्हाय की!"

दाराशी उभी असलेली अप्पांची सून सौंदर्या मात्र ओठ आवळून बघत होती. घराचं नूतनीकरण निघालं तेव्हा भैरवी इलेक्ट्रिशियनसोबत नकाशे पसरून तिनंच तीन महिने घालवले होते. कुठला दिवा कधी जागवायचा, कुठला मंद ठेवायचा, बाहेर पडताना एका बटनात अख्खं घर कसं निजवायचं, सगळं ठरवून वायरी जिन्याखालच्या एका पेटीत आणल्या होत्या. ती पेटी फोनचंही ऐकायची. तिची क्लासची खोली तेवढी पेटीबाहेर ठेवली होती. तिथं दहावीच्या बारा मुली गणिताला यायच्या. कुणालाही दाबता यावीत म्हणून साधी बटनं बरी.

महाराजांना हे कुठलं ठाऊक? गेल्या सोमवारी त्यांनी त्या खोलीपुढं तीन टाळ्या वाजवल्या. दिवा ढिम्म. महाराजांनी मागं उभ्या चेल्याकडं बघितलं. मग कडाडले, "या खोलीत दोष आहे! सुनेची आकडेमोड तेजाईला खपत नाही. क्लास बंद! खोलीला कुलूप!"

आणि बाजारात भेंडीसुद्धा मोडून बघितल्याशिवाय न घेणाऱ्या अप्पांनी मान डोलावली. कुलूप आज लागायचं होतं. मुलींची परीक्षा पंधरा दिवसांवर.

"अप्पा, ती खोली पेटीवर न्हाय, म्हणून दिवा लागला न्हाय," सौंदर्यानं तेव्हाच सांगून बघितलं होतं.

"आणि बाकीचे लागले ते? म्हाराजांच्या हातात काय हाय, सांग बघू!"

त्याचं उत्तर तिला काल देवघरात सापडलं. पेटीसोबत आलेलं ठिपक्यांच्या चौकटीचं, क्यूआर कोडचं कार्ड देताना भैरवी म्हणाली होती, "अव्वा, हे जपा. यावरच घर चालतंय." सासूबाई चन्नम्माअव्वांनी ते मनावर घेतलं. कार्डाला फ्रेम केली, फ्रेमवर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि देवांशेजारी टांगलं. ज्यानं आपल्या फोननं ते टिपलं, त्याचं पेटीनं ऐकलं! घरभरणीला महाराजांचा पन्नाशीतला चेला गुंडू 'देवांचा फोटो' काढत किती वेळ वाकला होता, ते तिला काल उमजलं. पेटीच्या यादीत तीन फोन होते: तिचा, नवऱ्याचा आणि 'गुंडूभाऊ'.

नाव पुसायला तिनं बोट उचललं. मग गालातल्या गालात हसली आणि नाव राहू दिलं. त्याऐवजी हॉलचे दिवे सोडून बाकीच्या दिव्यांच्या नावांची अदलाबदल करून ठेवली.

"आता देवघर!" महाराजांनी टाळी वाजवली.

संडासात लख्ख उजेड पडला. पंखाही घुर्र करून फिरू लागला.

"म्हाराज, तेजाई तिकडं कुठं गेली वो?" धोंडुबाईंनी काळजीनं विचारलं.

"तीही जागा तिचीच! सर्व ज्योती शांत!" दुसरी टाळी. आणि नातवाच्या वाढदिवसासाठी बसवलेले लाल-निळे दिवे घरभर नाचायला लागले. शेजारी बसलेला गुंडू झोळीत हात घालून घाईघाईनं चाचपू लागला.

"गुंडूभाऊ, हात बाहेर काढा की," सौंदर्या म्हणाली. "घाम आलाय तुम्हाला."

धोंडुबाईंनी झोळीच ओढली. आतून फोन निघाला आणि त्यावर अप्पांच्या घराच्या खोल्यांची यादी. सौंदर्यानं तो सासऱ्यांच्या हातात दिला. "अप्पा, 'देवघर' दाबा."

अप्पांनी दाबलं. संडासातला दिवा विझला. पुन्हा दाबलं. लागला. तिसऱ्यांदा दाबायचं त्यांचं धाडस झालं नाही.

मग सौंदर्यानं आपल्या फोनवरून गुंडूभाऊंचं नाव यादीतून काढलं. "महाराज, आता वाजवा टाळी."

टाळी वाजली. एकाही दिव्यानं ऐकलं नाही. "अश्रद्धेची छाया पडली!" म्हणत महाराज उठले, ते चपला शोधत बसलेच नाहीत. मागून धोंडुबाईंची ओवी आली:

"टाळी वाजं म्हाराजाची, उजेड शिरला मोरीत गं,
देवी शोधाया गेले मी, फोन घावला झोळीत गं!"

हशा ओसरला तसे अप्पा खाली बघत पुटपुटले, "मी फसलो, पोरी. डोळ्यांनी बघितलं, त्याला खोटं कसं म्हणू?"

"डोळ्यांनी बघितलं ते खरंच होतं, अप्पा. दिवे लागलेच. पण कसे लागले, हे कुणी विचारलं न्हाय. हात जोडा, पण आधी विचारा. जो विचारल्यावर चिडतो, त्याच्याकडं सांगण्यासारखं काही नसतंय."

कोपऱ्यातल्या चन्नम्माअव्वा उठल्या. फ्रेमवरची विभूती पदरानं पुसत त्या सुनेपुढं उभ्या राहिल्या. "मग मी विचारती. मधी तार न्हाय काय न्हाय, तर फोनचं पेटीला कळतंय कसं?"

सौंदर्यानं त्यांना क्लासच्या खोलीत नेलं आणि पहिला बाक पुढं ओढला. फळ्यावर खडू टेकवून ती म्हणाली, "बसा अव्वा."

अव्वा बसल्या. त्यांच्यामागून अप्पाही.