भिंतीखाली शिरलेली गोदावरी

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. भिंतीवर टांगतात तसला कागदी नव्हे. मी जमिनीवर आडवा पडलेला, विटा-सिमेंटचा भारत आहे. जिंतूरच्या रस्त्यावरील एका लहान गावात, शाळेच्या अंगणात माझा जन्म झाला. आज माझा पूर्वेकडचा सगळा भाग विटांच्या ढिगाखाली आहे. तो तिथे कसा गेला, हे तुम्हाला सांगायलाच हवे, कारण तुम्हीही रोज कुठल्या ना कुठल्या भिंतीला टेकून बसत असाल.

मला घडवले योगीराज सरांनी. दोनच शिक्षकांची शाळा. सर आणि राजेश्री मॅडम. मुलांना इंग्रजी वाचता येई, पण बोलायची वेळ आली की माना खाली जात. सर म्हणाले, "नुसतं पुस्तकात बोट ठेवून इंग्रजी येत न्हाई. पाय ठेवायला देश पाहिजे." मग बन्सीधर मिस्त्री आले. फुटक्या विटांचा त्यांनी हिमालय रचला.

"सर, हिमालय लय उंच झाला. पोरं पडतेत वरून."

"पडू द्या. पडल्यावर 'आय फेल डाऊन' म्हणायला तरी शिकतील."

माझ्या दोन्ही बाजूंना समुद्रासाठी उथळ हौद केले. अंगण लहान होते, म्हणून पूर्वेचा समुद्र थेट चौथीच्या वर्गाच्या भिंतीला जाऊन भिडला. त्या दिवशी कुणालाच त्यात काही वावगे दिसले नाही.

माझे ते दिवस फार आनंदाचे होते. मुले चपला काढून माझ्यावर चढत. सर काठावरून विचारत, "व्हेअर आर यू?" वाळवंटात उभी असलेली मुलगी म्हणे, "आय ॲम इन राजस्थान. इट इज व्हेरी हॉट." आसामातला मुलगा लगेच डोक्यावर दप्तर धरी, कारण तिथे फार पाऊस पडतो. इतिहासही माझ्या पाठीवरच शिकवला जाई. सर खडूने हैदराबाद संस्थानाची हद्द आखत आणि सगळ्यांना आत उभे करत. "वुई वेअर हिअर," मुले म्हणत. मग ओल्या फडक्याने ती रेघ पुसली जाई आणि मुले उडी मारून ओरडत, "नाऊ वुई आर इन महाराष्ट्र!"

एकदा एकाने विचारले, "सर, माझ्या आज्जीच्या बापाला निजामाच्या राज्यात उर्दूत शिकावं लागलं. मग आमी इंग्रजी कशाला?"

"त्यानं उर्दू शिकली, आज्जीनं मराठी शिकली. आता तुझी पाळी. घरात सगळ्या भाषा होऊन जाऊ दे!"

सरांचा नियम एकच होता. पाठ केलेले सांगायचे नाही. जे दिसते तेच सांगायचे.

पण मित्रांनो, माझ्याखाली काळी माती आहे. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. एका उन्हाळ्यात नाशिकजवळ मला बारीक भेग पडली आणि ती पूर्वेकडे सरकू लागली. मिस्त्री ती बुजवायला आले, तेव्हा सरांचे डोळे चमकले. भेग थेट गोदावरीच्या वाटेने चालली होती! त्यांनी ती बुजवू दिली नाही. निळा रंग आणून तिची नदी केली. दर वर्षी भेग थोडी पुढे जाई आणि दर वर्षी सरांचा कुंचलाही तिच्यामागे जाई. शेवटी ती पूर्वेच्या हौदाच्या तळात उतरली. पाहायला येणारे म्हणत, "काय जिवंत नकाशा आहे!" सरांचा चेहरा फुलून जाई.

धड्याच्या वेळी मुले हापशावरून पाणी आणून माझे समुद्र भरत. दुसऱ्या दिवशी पूर्वेचा समुद्र कोरडा असे.

"सर, समुद्र पाणी प्यायला!"

"ह्याला लय तहान लागायलीय," सर हसत. पुन्हा बादल्या येत.

पाणी कुठे जाते, हे मला ठाऊक होते. शाळा सुटून अंगण शांत झाले की ते निळ्या भेगेतून खाली उतरताना मला ऐकू येई. ते भिंतीखाली शिरे आणि तिथल्या काळ्या मातीत मुरून जाई. माती मऊ होत होती. भिंत रोज किंचित जड वाटत होती. माझ्या अंगावर साऱ्या देशाची नावे लिहिली होती, पण मला तोंड नव्हते.

एके दिवशी चौथीचे दार अडले. राजेश्री मॅडम म्हणाल्या, "सर, बघा की जरा. कालपर्यंत हे लागत होतं."

"पावसाळ्यात लाकूड फुगतंच, मॅडम."

भिंतीचा गिलावा एका ठिकाणी सुटला होता. मॅडमनी तिथे इंग्रजी अक्षरांचा तक्ता लावून टाकला.

सतरा सप्टेंबर जवळ आला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला जिंतूरहून शिक्षण खात्याचे पाहुणे माझ्यावरचा धडा पाहायला येणार होते. त्यांना तो आवडला, तर तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत असा नकाशा होणार होता, हौदासह. सरांनी समुद्र कोरडा पडू द्यायचा नाही असे ठरवले. मुले सकाळ-संध्याकाळ पाणी ओतू लागली. मी ते सगळे पाणी खाली जाऊ देत होतो. दुसरे काय करणार?

सतरा तारखेच्या सकाळी सराव चालू होता. चौथीची मुले भिंतीला टेकून आत बसली होती आणि एकेकाला बाहेर बोलावले जात होते. सत्यशीलाची पाळी आली. ती माझ्यावर चढून निळ्या रेघेवरून हळूहळू चालू लागली.

"द गोदावरी स्टार्ट्स ॲट त्र्यंबकेश्वर. इट कम्स टू परभणी. इट गोज टू द सी."

"गुड! बस खाली."

पण ती थांबली नाही. हौदाच्या तळाकडे बोट करून म्हणाली, "इट क्रॉसेस द सी. इट गोज अंडर द वॉल." मग ती वर पाहून अडखळली. "सर, भिंत कललीय, ह्याला इंग्रजीत काय म्हणतेत?"

खिडकीतून मुले खदखदून हसली. "गोदावरी चौथीत बसायलीय!"

सर चिडले. "सत्यशीला, नदी समुद्रात संपते! पाव्हण्यांसमोर असलं काही बोलू नको."

"तुमीच म्हणलात की, दिसतं तेच सांगायचं."

सरांनी वाकून हातातली फूटपट्टी भेगेत घातली. ती सगळी आत गेली आणि त्यांच्या बोटांतून सुटली. त्यांनी मान वर केली. भिंत आणि छपराचा पत्रा यांच्यामध्ये एक काळी फट दिसत होती.

मॅडम धावत आल्या. "सर, पाव्हण्यांची गाडी निघालीय. एवढा कार्यक्रम होऊ द्या. मिस्त्रीला उद्या बोलवू."

सरांनी दारातली रांगोळी पाहिली, मला पाहिले. मग ओरडले, "सगळे बाहेर! दप्तरं राहू द्या!"

"सर, माझा डबा!"

"डबा मरू दे! पळ!"

त्यांनी शाळा रिकामी केली आणि मुलांना मारुतीच्या पारावर नेऊन बसवले. पाहुणे आले, तेव्हा सर फाटकात हात पसरून उभे होते. "साहेब, नकाशाजवळ जाऊ नका. भिंत धोक्याची हाय."

"अहो, ठणठणीत उभी आहे की! नकाशासाठीच तर आलो आम्ही."

सर हलले नाहीत. हार ताटातच राहिला आणि गाडी वळून गेली. गावातले किशनराव संतापले. "सर, गावाची लाज घालवली तुमी!"

"लाज परत मिळवता येती, किशनराव. पोरगं..."

पारावर शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या धुरपताबाई मुलांना खिचडी वाढत होत्या. इकडे माझ्या समुद्रात आधी चिमूटभर माती पडली. मग एक वीट. मग भिंत दमलेल्या माणसासारखी खाली बसली आणि माझ्यावर कोसळली. ओडिशा गेले, बंगाल गेला, सगळा पूर्व किनारा गेला. आत चौथीची सतरंजी होती, तिच्यावर पत्रा आणि तुळया आल्या.

धूळ खाली बसली. किशनरावांनी विटांखालून एक डबा ओढून काढला. तो भाकरीसारखा चपटा झाला होता.

सर सत्यशीलासमोर गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, "लीनिंग. कललेल्या भिंतीला लीनिंग म्हणतात, बाळा. मला आधीच दिसायला पाहिजे होतं."

चौथी आता पारावर भरते. शाळेचा दुसरा अर्धा भाग अजून उभा आहे आणि तिथे तिसरीची मुले बसतात. तिथली भिंत तपासावी म्हणून सरांनी अर्ज केला आहे. अजून कुणी आलेले नाही. तीही भिंत माझ्याच काळ्या मातीत उभी आहे आणि तिला नुकताच पांढरा रंग दिला आहे. फार सुंदर दिसते ती.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मी सिमेंटचा आहे. पण आज वर्गात जाल तेव्हा आपली भिंत नीट पाहा. तक्त्याच्या मागेही पाहा. काही दिसले तर मोठ्यांना सांगा. ते हसतील. हसले तरी पुन्हा सांगा. आणि शब्द सापडला नाही, तर त्यांचा हात धरून त्यांना तिथपर्यंत घेऊन जा.