आत्याची धुरी

भाद्रपदातल्या संध्याकाळी मिसरोदच्या त्या गल्लीत वळले, की आधी धूर भेटायचा. गोवऱ्यांचा आणि ओल्या कडुलिंबाचा कडवट, निळसर धूर, आणि त्यामागून डोळे पुसत, खोकत, हसत येणारी सुमनआत्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने घरामागच्या मोकळ्या जागेत कपिला बांधली होती. काका गेलेले, मूलबाळ नव्हते. भोवती उंच इमारती वाढत गेल्या आणि त्यांच्यामध्ये ही बाई आणि तिची गाय, दोघीच आपल्या जुन्या चालीने दिवस काढत राहिल्या.

कपिलेच्या कातडीवरून सतत एक शहारा धावत असे. गोमाश्या तिच्या पायांना, पोटाला डसत. माशी उडाली, की तिथे रक्ताचा बारीक थेंब उरे. आत्या तो पदराने टिपायची, आणि त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जी व्यथा उमटे, ती मी माणसांसाठीही फार क्वचित पाहिली आहे. म्हणून दिवेलागणीला, देवाच्याही आधी, गोठ्यात धुरी. निखाऱ्यांचे घमेले घेऊन ती गाईभोवती फिरे, तेव्हा तिची पावले प्रदक्षिणेसारखी शांत पडत. हा नेम तिने तापातही मोडला नाही.

पण तिचा दमा वाढला. डॉक्टरांनी धूर वर्ज्य सांगितला, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला पिपलानीत राहून कारखान्यात नोकरी करणाऱ्या, यंत्रांवर जरा जास्तच भरवसा असलेल्या मला उपाय लगेच सुचला. मी गोठ्यात मोठा पंखा बसवला आणि ते घमेले स्कूटरला बांधून घरी घेऊन आलो. "बरं, तू म्हणतोस तर," एवढेच ती म्हणाली. वारा गाईच्या पाठीला लागे आणि माश्या पोटाखाली जात. आत्या वाकून ओल्या फडक्याने त्या हाकलत राही, आणि फोनवर मला मात्र सांगे, "पंखा मस्त चालतोय रे."

आश्विनात कपिलेला ताप भरला. उतरे, पुन्हा चढे. अखेर जनावरांचे डॉक्टर आले. गोमाश्यांच्या दंशातून रक्तात शिरलेला रोग होता तो. "माँजी, देर हो गई. खून बचा ही नहीं है," ते खाली मान घालून म्हणाले. तिसऱ्या दिवशी, सकाळच्या कोवळ्या उन्हात, गाईने आत्याच्या मांडीवर मान टेकली आणि ती पुन्हा उचलली नाही.

मी रडलो. आत्या रडली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तू तर माझ्या भल्यासाठीच केलंस रे." तिने दोष दिला असता तर तो मी सोसला असता, तिची ही माया मला अजून सोसत नाही.

आता ती पिपलानीत आमच्याकडेच असते. खोकला थांबला आहे, डॉक्टर खूश आहेत, क्वार्टरचा जिना ती न थांबता चढते. ऋतू फिरतात, दिवस सरतात, आणि त्या गाईचे नाव आमच्या घरात कोणी काढत नाही. संध्याकाळी खिडकीशी बसलेल्या आत्याचा संथ, निर्वेध श्वास मला ऐकू येतो, आणि तो कोणाच्या बदल्यात मिळाला आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असते.