आधीचसाहेबांचे सत्त्याण्णव टक्के

वाहन परवान्याच्या कचेरीत त्यांना सगळे आधीचसाहेब म्हणत. अर्थात पाठीमागे. चाचणी देणाऱ्यानं गाडी फुटपाथवर चढवली की साहेब खाली उतरून शांतपणे म्हणत, "मला आधीच माहीत होतं." घरीही तेच. दूध उतू गेलं, आधीच माहीत होतं. पाहुणे उशिरा आले, तेही आधीच माहीत होतं. बायकोनं सव्वीस वर्षं हे मुकाट ऐकून घेतलं. मुलीनं मात्र एक दिवस त्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं.

"आता आधीच लिहायचं, बाबा," ती म्हणाली. "काय होणार आणि किती टक्के खात्री. मग जे होईल तेही नोंदवायचं. तुम्ही नव्वद टक्के म्हणता तेव्हा दहातले नऊ खरंच बरोबर येतात का, ते हे मोजून सांगतं. म्हणजे काही ठरवताना स्वतःवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं."

साहेबांना वाटलं, बरं झालं, एकदाचा पुरावा तयार होईल. ते हात धुऊन मागे लागले. परीक्षार्थी फाटकापासून गाडीपर्यंत चालत येई तेवढ्यात साहेब लिहून मोकळे. पास, नव्वद. नापास, पंच्याण्णव. माणसाच्या चालण्यावरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. दीड वर्ष हे चाललं, आणि दीड वर्षात त्यांनी कुणाला आकडे दाखवायचे सोडले नाहीत.

त्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मुलीनं त्यांचा फोन घेतला आणि आकडे वेगवेगळे करून पाहिले.

"कामावरची भाकितं सत्त्याण्णव टक्के बरोबर."

साहेबांची छाती फुगली.

"आणि घरची एकावन्न. नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं."

"घरात अनुभव कुठे उपयोगी पडतो?" साहेब म्हणाले. "तुम्ही मायलेकी कधी काय कराल याचा नेम नाही."

"ते नव्हे, बाबा. घरच्या निकालावर तुमची सही नसते."

"म्हणजे?"

"पास-नापास कोण ठरवतं? तुम्हीच ना? भाकीत तुमचं, निकालही तुमचा. मग चुकणार कसं? उलट तीन टक्के कसे चुकले याचंच मला नवल वाटतंय."

बायकोला हसू आवरेना. साहेब चहा अर्धा टाकून उठले.

वाटेत त्यांनी मुलीशी मनातल्या मनात बराच वाद घातला. मी काय हवेत नापास करतो? प्रत्येक चुकीची फॉर्मवर खूण असते. आरसा पाहिला नाही, खूण. इंडिकेटर दिला नाही, खूण. पण मग दुसरा विचार डोकं वर काढी. ज्याला पास लिहिलं त्यानं आरसा पाहिला की नाही, हे आपण तेवढंच डोळ्यांत तेल घालून बघतो का? बघतो. नक्की? कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत आले तरी त्यांना हे सुटेना. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि कुठे ते दिसत नव्हतं.

दहा वाजता पहिलं नाव लाँड्रीवालीचं होतं. बाई लाँड्रीत वाफेची इस्त्री चालवायची. त्या वाफेनं तिचा दमा वाढला होता आणि डॉक्टरनं ते काम सोडायला सांगितलं होतं. मालक भला माणूस. कपडे पोचवायच्या गाडीवर तिला घ्यायला तो तयार होता, पण परवाना हवा, आणि आज संध्याकाळपर्यंत हवा. नाहीतर तो उद्यापासून दुसरा माणूस ठेवणार होता. हे तिनं मागच्या खेपेला साहेबांना सांगितलं होतं, रडगाणं न गाता. तिची ही सहावी खेप. पाचही वेळा परीक्षक साहेबच, पाचही वेळा नापास, आणि पाचही वेळा साहेबांचं भाकीत तंतोतंत बरोबर.

ती फाटकातून येताना सवयीनं त्यांचा अंगठा फोनवर गेला. नापास, पंच... तिथेच थांबला. साहेबांनी काहीच न लिहिता फोन खिशात टाकला.

बाईनं पट्टा लावला, आरसा नीट केला, गाडी काढली. पहिलं वळण छान घेतलं. दुसऱ्या वळणाआधी साहेबांनी पेन उचललं आणि त्यांच्या लक्षात आलं, की बाईची नजर रस्त्यावरून सुटून पेनाच्या टोकावर आली. त्याच क्षणी इंडिकेटर राहिला. साहेब चपापले. पाच खेपा हेच होत होतं का? आधी पेन उचललं जायचं की आधी चूक व्हायची? त्यांना काही केल्या आठवेना.

त्यांनी पेन बंद केलं आणि खिशाला लावलं. म्हटलं, आता तरी कळेल.

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्या चौकात गाडी एक आचका देऊन बंद पडली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही लिहायचं बंद केलंत," ती म्हणाली. "म्हणजे ठरलंच ना?"

मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले. पेन हातात घेतलं तरी बाई चुकते, खिशात ठेवलं तरी चुकते. आता ही चूक कुणाच्या नावावर टाकायची?

"लाँड्रीच्या आवारात गाडी चालवता ना?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"तिथे कधी बंद पडते?"

"तिथे तुम्ही नसता, साहेब." ती हे उद्धटपणे बोलली नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

कचेरीत परत आल्यावर साहेबांनी तिचा फॉर्म शेजारच्या टेबलावर नेला. तिथे त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या परीक्षक मॅडम बसत. परीक्षार्थी दुसऱ्याकडे द्यायची सोय होती, फक्त कारण लिहावं लागे. साहेब त्या रकान्यापुढे बराच वेळ उभे राहिले. शेवटी त्यांनी लिहिलं, मला ठरवता येत नाही. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि मग साहेबांकडे पाहिलं.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"तसंच समजा."

गाडी फाटकाबाहेर गेली. साहेब पायरीवर उभे राहिले. ती पास व्हावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि ती पास झाली तर आपलं काय, याची भीतीही तेवढीच वाटत होती. आत त्यांचा पुढचा परीक्षार्थी ताटकळत होता.

वीस मिनिटांनी गाडी परत आली. मॅडम उतरल्या.

"पास. हात चांगला आहे त्यांचा. पहिलीच खेप ना?"

"सहावी," साहेब म्हणाले.

मॅडम हसल्या. साहेब कधी नव्हे ते थट्टा करताहेत असं त्यांना वाटलं असावं.

बाई कागद घेऊन आली. ती तडक लाँड्रीत पळेल असं साहेबांना वाटलं होतं. तेही चुकलं. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, एक विचारू? मॅडमच्या गाडीतही मी एकदा आरसा पाहायला विसरले. त्यांनी खूण केली आणि तरी पास केलं. मग मागच्या पाच वेळा माझं नक्की काय चुकत होतं?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उद्यापासून तिला भर रस्त्यात गाडी चालवायची होती आणि तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. साहेबांनी कपाटातून तिचे पाचही फॉर्म काढले, टेबलावर ओळीनं मांडले, आणि प्रत्येक खूण पुन्हा पुन्हा वाचत राहिले. समोर बाई उत्तराची वाट पाहत उभी होती.